दोन सेंटीमीटर

(मंडळाच्या गतवर्षीच्या गणेशोत्सवात ‘मुले आणि खेळ’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आम्ही डिप्लोमावाले, सरकारी बांधकामांवर मोजमापे घेणारी माणसे. पण आमची मुलगी तलावावर जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ‘पोहण्यावर बोला, पालकांना उपयोग होईल’ असा आग्रह झाला. उपयोग किती होईल ते सांगता येत नाही. आम्ही आज एका पोहणाऱ्याची गोष्ट सांगणार आहोत. त्याचे नाव वीरधवल खाडे.

वीरधवल म्हटल्यावर इथल्या आजोबा मंडळींना नाथमाधवांची कादंबरी आठवली असेल. आपला वीरधवल मात्र कोल्हापूरचा, २९ ऑगस्ट १९९१ चा जन्म. आपल्यापैकी कितीतरी घरांचे अंबाबाईला वर्षातून एकदा जाणे असते. कोल्हापूर म्हणजे तालमी, कुस्ती आणि फुटबॉल, असे आपण समजतो. त्या गावातून ५० मीटरच्या फ्रीस्टाइलमध्ये देशाचा राष्ट्रीय विक्रम करणारा मुलगा निघाला. पुढे तो बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे सरावाला गेला. पोहण्यासाठी मुलगा परगावी पाठवायचा, शाळा आणि घर सगळे हलवायचे, हा निर्णय त्या घरात कसा झाला असेल याचा विचार आम्ही दोघे नवरा-बायको अलीकडे फार करतो. त्याचे कारण पुढे सांगतो.

२००८ साली बीजिंग ऑलिंपिक झाले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल, अशा तीन शर्यतींत उतरला. १०० मीटरची आपली प्राथमिक फेरी त्याने पहिल्या क्रमांकाने संपवली, तरी उपांत्य फेरीत जाता आले नाही. कारण पोहण्यात फेरी जिंकली म्हणजे पुढे गेलात असे नसते. सगळ्या फेऱ्यांच्या वेळा एकत्र लावतात आणि वरचे सोळा घेतात. हे आम्हालाही आधी माहीत नव्हते. मुलीच्या पहिल्या स्पर्धेत ती फेरीत पहिली आली म्हणून आम्ही पेढे आणायला निघालो होतो, तिनेच थांबवले.

दोन वर्षांनी, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत, ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक घेतले. वेळ २४.३१ सेकंद. त्याआधी भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले होते ते १९८६ साली सेऊलला, खजानसिंगचे रौप्य. म्हणजे चोवीस वर्षे कोरडी गेली होती. २०११ ला अर्जुन पुरस्कार आला आणि मग महाराष्ट्र शासनाने त्याला तहसीलदार केले. आपल्या गोव्याच्या भाषेत मामलेदार. आता तहसीलदारसाहेबांना ‘तो’ म्हणणे आमच्या नोकरीच्या शिस्तीत बसत नाही, पण पाण्यातल्या माणसाला अहोजाहो करायचे जमत नाही, माफ करा.

इथे आम्ही सरकारी नोकर म्हणून थोडे थांबतो. खेळाडूला नोकरी मिळाली की आपण म्हणतो, बरे झाले, आयुष्याची सोय झाली. सोय होते हे खरेच आहे. पण तहसील म्हणजे सातबारा, दाखले, पंचनामे, पूर, निवडणूक. आणि तलाव म्हणजे पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास, वर्षाचे बाराही महिने. या दोन गोष्टी एका अंगावर बसत नाहीत. पोहणे काही वर्षे मागे पडले. आमचेच सांगतो. मुलीला बाहेरच्या राज्यात स्पर्धेला न्यायचे होते म्हणून आम्ही आठ दिवसांची रजा मागितली, ती निवडणुकीच्या कामामुळे नामंजूर झाली. ज्यांनी नामंजूर केली त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते. तिची आई एकटी घेऊन गेली. एका स्पर्धेपुरते हे असे, मग रोजच्या सरावाचे काय होत असेल!

तर हा माणूस वयाच्या सव्विसाव्या वर्षी, जेव्हा पुष्कळ पोहणारे थांबलेले असतात, पुन्हा मोठ्या पाण्यात आला. २०१८, जकार्ता आशियाई स्पर्धा, ५० मीटर फ्रीस्टाइल. सकाळच्या फेरीत २२.४३ सेकंद. त्याचा स्वतःचाच २००९ सालचा २२.५२ चा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. २००९ हे वर्ष लक्षात घ्या. त्या वर्षी अंगभर घट्ट बसणारे, पाण्यावर उचलून धरणारे पॉलियुरेथेनचे पोशाख जगभर चालत होते. १ जानेवारी २०१० पासून ते बंद झाले. नऊ वर्षांनी, साध्या कापडी चड्डीत, मध्ये नोकरीचा खंड पडलेला असताना स्वतःची जुनी वेळ मोडणे ही आम्हाला पदकाहून मोठी गोष्ट वाटते.

संध्याकाळी अंतिम फेरी. चीनचा यू हेशिन २२.११, जपानचा नाकामुरा २२.२०, जपानचाच नाकाओ २२.४६. आणि वीरधवल २२.४७.

एक शतांश सेकंद. आमच्या सवयीप्रमाणे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ५० मीटर २२.४७ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर. शतांश सेकंदात सव्वादोन सेंटीमीटर. नख वाढलेले नव्हते म्हणून पदक गेले असे म्हणायला हरकत नाही.

आता गंमत ऐका. स्पर्धेचा तलाव बांधताना नियमाप्रमाणे लांबी ५० मीटरपेक्षा रेसभरही कमी चालत नाही, पण वरच्या बाजूला पूर्वी तीन सेंटीमीटरपर्यंत सूट असे. ज्यांनी काँक्रीटची भिंत उभी केली आहे, तिच्यावर टाइल बसवल्या आहेत, त्यांना ही सूट का लागते ते सांगायला नको. म्हणजे बांधकामाला जेवढी चूक माफ होती, तेवढ्यापेक्षा कमी अंतराने पोहणाऱ्याचे पदक जात असे. जकार्ताच्या तलावाबद्दल आमची काही तक्रार नाही, हा फक्त हिशेब. याच कारणाने पोहण्यात सहस्रांश सेकंद मोजत नाहीत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेचे सुवर्ण दोन सहस्रांशांनी दिले गेले होते, त्यावर बोलणे झाले आणि नियम बदलला. म्हणून सिडनीला २००० साली याच ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल धाकटा, दोघांनाही २१.९८ वर सुवर्ण मिळाले. आमच्या कंत्राटदारांना ही गोष्ट सांगितली तर ते बिलात काय काय सूट मागतील!

पुढचे थोडक्यात. २०२० ला महामारीत तलाव बंद झाले आणि इतके दिवस पाण्याबाहेर राहिल्यावर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे त्याने उघडपणे सांगितले. टोकियोची थेट पात्रता २२.०१ होती, ती त्याला गाठता आली नाही. शेवट मात्र आपल्या अंगणात झाला. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, पोहणे पणजीला कांपालच्या तलावावर. ५० मीटर फ्रीस्टाइलचे पुरुषांचे सुवर्ण वीरधवलने घेतले आणि महिलांचे त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने. त्या स्पर्धेनंतर तो थांबला.

आम्ही तिघे तिथे होतो. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा, ती मात्र मिळाली. शर्यत सुरू कधी झाली आणि संपली कधी, कळले नाही. शेजारचे गृहस्थ पाण्याची बाटली उघडत होते, तेवढ्यात त्यांचे बघायचे राहून गेले. नंतर आमची मुलगी फलकाकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने कंपासपेटीतली पट्टी काढली, वहीच्या कडेला दोन सेंटीमीटरची रेघ ओढली आणि शेजारी पेन्सिलीने एक छोटी टिंबाएवढी रेघ जोडली, सव्वादोन. ती वही नववीच्या गणिताची आहे.

आता ती दहावीला आहे. नातेवाईक विचारतात, पोहणे बंद केले की नाही. शाळेत विचारतात. दोन काका तर आजच मखरासमोर उभे राहून विचारून गेले. तिची आई म्हणते सकाळचा सराव ठेवू, संध्याकाळचा सोडू. आम्ही म्हणतो दिवाळीपर्यंत बघू. तिला विचारले तर ती म्हणते, वीरधवलदादाने नोकरी लागल्यावर सोडले आणि परत आला, पण त्याला परत यायला किती जड गेले असेल ते तुम्ही विचारत नाही. यावर आमच्याकडे उत्तर नाही. उद्या पाच वाजता तिला तलावावर सोडायचे आहे, तेव्हा आजचा कार्यक्रम फार लांबवू नये, ही अध्यक्षांना विनंती.

गणपती बाप्पा मोरया.