खेळाडूचा घाम आणि शहराचे देणे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. जी काही पुस्तके वाचली, ती पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चालकांनी आम्हांला बोलावले आणि आम्ही विषय सुचवला तो असा, की व्यावसायिक खेळाडूने संघ सोडल्यावर त्या संघाच्या गावाला नावे ठेवावीत काय! कामगार चळवळीतल्या माणसाला हे कुठून सुचले, असे आपणांस वाटेल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका कामगारबंधूचा निवृत्तीचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, हार, सारे यथासांग झाले. उत्तरादाखल तो उठला आणि म्हणाला, "यंत्रावर तुम्ही मला भाऊ म्हणालात. पण आडनाव सांगितलं की या गावातली खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. तीस वर्षं मी सहा मैलांवरून सायकल मारत आलो. आता माझ्या गावी जातो." सभा गार पडली. सूत्रे आमच्याच हाती होती. आम्ही घाईघाईने ध्वनिक्षेपक ओढून घेतला आणि चहापान जाहीर केले. मागाहून जो तो म्हणू लागला, 'खाल्ल्या मिठाला जागला नाही.' खरे सांगायचे तर आम्हीही तेच म्हणालो. पुढे बिल रसेल या खेळाडूची हकीगत वाचनात आली, आणि आमची आम्हांलाच लाज वाटली.

बिल रसेल हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. जन्म १९३४ सालचा, लुइझियाना राज्यातील मन्रो गावचा. वाढला तो कॅलिफोर्नियात, ओकलंडला. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघात तो होता. त्यानंतर लगेच बॉस्टन शहराच्या सेल्टिक्स या व्यावसायिक संघात तो खेळू लागला. १३ हंगाम खेळला आणि त्यांत संघाला ११ वेळा अजिंक्यपद मिळाले; १९५९ पासून १९६६ पर्यंत तर ओळीने ८ वेळा. त्याची ख्याती गुण करण्यापेक्षा गुण अडवण्याची. प्रतिस्पर्ध्याने टोपलीकडे फेकलेला चेंडू तो हवेतच अडवी. पण प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे, अलगद आपल्या गड्याच्या हाती जाईल असा वळवी. १९६६ साली तो त्या संघाचा प्रशिक्षकही झाला. त्या व्यावसायिक स्पर्धेतला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक.

आता गावाने काय केले ते ऐका. रसेल बॉस्टनजवळ रेडिंग या उपनगरात राहत असे. तेथे त्याच्या घरात लोक घुसले. भिंतींवर वंशवाचक शिव्या लिहिल्या, बक्षिसांची मोडतोड केली आणि बिछान्यात घाण केली. त्याच गावातल्या दुसऱ्या भागात तो घर घेऊ लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी विरोधाचा अर्ज फिरवला, असे त्याच्या मुलीने १९८७ साली एका लेखात लिहिले आहे. रसेल म्हणे की आपण सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नव्हे. १९७२ साली त्याचा ६ क्रमांक संघाने सन्मानपूर्वक निवृत्त केला, तेव्हा समारंभ प्रेक्षकांपुढे नको असे त्याने सांगितले. दारे उघडण्यापूर्वी, जुन्या सहकाऱ्यांच्या देखत, तो रिकाम्या बॉस्टन गार्डनमध्ये उरकला. १९७९ सालच्या आत्मचरित्रात तर वर्णद्वेषाचे झाडून सारे नमुने त्याने या शहराच्या पदरी घातले. शहरातले पुष्कळ लोक रागावले. त्यांचे म्हणणे आमच्या गावकऱ्यांसारखेच होते: आम्ही याला मोठे केले, आणि हा उलटला!

या आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप मिठाचा. १९६५ साली रसेलचा पगार वर्षाला १ लाख १ डॉलर ठरला होता. त्या काळी ही रक्कम फार मोठी. परंतु मजुरीत हात विकले जातात, जीभ विकली जात नाही. शिवाय बॉस्टन त्याने पसंत केले नव्हते. खेळाडूंच्या वाटपात त्याचे नाव सेंट लुइसच्या संघाकडे गेले होते; तेथून तो दोन खेळाडूंच्या मोबदल्यात बॉस्टनकडे आला. ज्याला गाव निवडण्याची मोकळीक नव्हती, त्याला गावाविषयी बोलण्याची तरी असावी की नाही?

दुसरा आक्षेप असा, की गेल्यावर का बोलतो, असताना का बोलला नाही? यावर आमचा अनुभव सांगतो. हजेरीपटावर नाव असते तोवर माणसाची जीभ अडखळते. पोटाला बांधलेली असते. रसेल मात्र असतानाही बोलला. १९६१ साली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरी हॉटेलात कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला नाकारले, तेव्हा तो आणि त्याचे सहकारी सामना न खेळता परतले. १९६३ साली बॉस्टनच्या रॉक्सबरी वस्तीतील मुलांनी शाळांतल्या भेदभावाविरुद्ध बहिष्कार पुकारला, तेव्हा तो त्या मुलांपुढे जाऊन बोलला. लोकांनी ऐकले नाही, हा बोलणाऱ्याचा दोष नव्हे. १९७४ साली न्यायालयानेच निकाल दिला की बॉस्टनच्या शाळांत मुद्दाम भेद राखला गेला आहे. त्या शरद ऋतूत कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले, ते साऱ्या जगाने पाहिले.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. शहरात चांगली माणसेही असतात. मग सरसकट नावे का ठेवावीत? गोष्ट खरी आहे. १९५० साली त्या स्पर्धेच्या खेळाडूनिवडीत कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव प्रथम पुकारले ते याच सेल्टिक्सने. चक कूपर त्याचे नाव. १९६४ च्या डिसेंबरात सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवणारा पहिला संघही हाच. तेव्हा टीका पारखून घ्यावी. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली म्हणून, किंवा पगार वाढला नाही म्हणून कोणी गावाला शिव्या देत असेल, तर ती चिडखोर बडबड. ती सोडून द्यावी. परंतु जो स्वतःवर आलेला प्रसंग सांगतो, आणि ज्याच्या सांगण्यात गावाला सुधारता येईल असे काही आहे, त्याचे ऐकावे. रसेलने कारखान्याला वाईट म्हटले नाही. त्याने कारखाना आणि गाव यांत फरक केला.

हाच फरक आम्हांला झोंबला. १४ जानेवारी १९६४ रोजी त्याच बॉस्टन गार्डनमध्ये निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता. दूरचित्रवाणीवर तो देशभर दिसायचा होता. खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीचे दार लावून घेतले आणि कळवले, की निवृत्तिवेतनाचे वचन मिळाल्याखेरीज आम्ही मैदानात उतरत नाही. काळे आणि गोरे एकत्र होते. संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइन्सन हा गोरा, रसेलचाच सहकारी. वचन मिळाले, मगच खेळ झाला. आम्हां चळवळीतल्या माणसांना ही गोष्ट ऐकून आनंद व्हावा. झालाही. परंतु लगेच मनात आले, की फाटकाच्या आत ही एकजूट, आणि फाटकाबाहेर त्यातल्या एकाच्या घराच्या भिंतीवर शिव्या! आम्हीही बोनस मोजला, भविष्यनिर्वाह निधी मोजला; सायकलचे सहा मैल कधी मोजले नाहीत.

रसेल पुढे बॉस्टनला आला. १९९९ साली भरल्या सभागृहात त्याचा सत्कार झाला आणि तो त्याने घेतला. २०१३ साली नगरभवनासमोरच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. ३१ जुलै २०२२ रोजी तो वारला. पुतळ्याने देणे फिटले असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याने आपल्याला सुनावले, त्यालाच आपल्या चौकात उभे केले, एवढा मोठेपणा त्या शहराने दाखवला.

गेल्या वर्षी आम्ही त्या कामगारबंधूच्या गावी गेलो. ध्वनिक्षेपक ओढल्याबद्दल क्षमा मागितली. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "अण्णा, माझं झालं ते झालं. माझ्या यंत्रावर आता जो पोरगा लागलाय, त्याला तरी गावात खोली मिळाली का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो पोरगा अजूनही बाहेरूनच येतो. या सभेत ज्यांच्या घरी भाड्याची खोली आहे अशी काही मंडळी निश्चित बसली असतील. व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी थांबणार आहोत. आडनाव न विचारता ज्यांना त्याला खोली द्यावीशी वाटेल, त्यांनी आम्हांला भेटावे.