फेपरे आणि मुलाचे लक्ष



वर्गात एखादे मूल मध्येच दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहते, हाकेला ओ देत नाही. आपण त्याला ‘वेंधळा’ म्हणून मारतो. पण तो फेपऱ्याचा झटका असू शकतो. मेंदूच्या विद्युत आलेखात तो दिसतो.

अशा ४५३ मुलांवरील संशोधन अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या तीन औषधांपैकी इथोसक्सिमाइड व व्हॅलप्रोएट ही दोन जवळपास सारखीच गुणकारी ठरली. परंतु लक्ष न लागण्याची अडचण व्हॅलप्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के, तर इथोसक्सिमाइड घेणाऱ्या ३३ टक्के मुलांत आढळली.

म्हणून पालकांनो, डॉक्टरांना झटक्यांबरोबर अभ्यासाचेही सांगा. औषध मनाने बंद करू नका. आणि शिक्षकहो, छडी उचलण्यापूर्वी मुलाच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहा.