जुना फॉरवर्डर घेतांना

स्वीडनच्या अरण्यांत तोडलेले ओंडके जमिनीवरून न ओढतां पाठीवर लादून रस्त्यापर्यंत आणणारें यंत्र म्हणजे फॉरवर्डर. लहान ठेकेदाराला नवें परवडत नाहीं. तो जुनें शोधतो. विक्रेता ताजा रंग व मापकावरील कमी तास दाखवितो. परंतु यंत्राचें खरें वय त्याच्या सांध्यांत असतें. पुढील व मागील भाग जोडणारा मधला सांधा ढिला आहे काय, यारीच्या बुडाशीं भेगा आहेत काय, तापल्यावर तेलाचा दाब टिकतो काय, हें ओझें लादून चालविल्यावांचून कळत नाहीं. मऊ जमिनीवर ६ चाकांपेक्षां ८ चाकांचें यंत्र बरें. भार वांटला जाऊन मुळें कमी चिरडलीं जातात. निवड चुकली, तर थंडीनें जमीन कठीण झालेली असते ते मोलाचे दिवस दुरुस्तींत जातात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं.