घरच्या व्हिडिओ-कॅसेटी संगणकावर कशा उतरवाव्या?



अँटॉप हिलला केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. सरकारी घराची रीत अशी कीं, नोकरी आहे तोंवर घर आपलें. निवृत्तीनंतर किल्ल्या परत द्यावयाच्या. ज्या दोन खोल्यांत मुलें वाढलीं, बारशीं आणि मुंजी झाल्या, गणपति बसले, त्या खोल्यांत पुढें दुसरें कुटुंब राहावयास येतें. अशा घराचें हलतें-बोलतें चित्र उरलें असेल, तर तें बहुधा कपाटाच्या वरच्या खणांतील एखाद्या काळ्या कॅसेटवर. तें घरच्या संगणकावर कसें उतरवावें, हें आज मीं सांगणार आहें.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांच्या सुमारास रंगीत चित्र आलें, आणि त्याच दशकांत व्हीसीआर आपल्या घरांत शिरला. लग्नांत फोटोग्राफराच्या जोडीला व्हिडिओवालाही दिसूं लागला. त्या कॅसेटींना आतां तीस-चाळीस वर्षें होत आलीं आहेत.

कॅसेटमधील फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी. लोखंडाच्या ऑक्साइडाचे बारीक कण तिच्यावर एका चिकट लेपानें बसविलेले असतात, आणि चित्र त्या कणांच्या चुंबकत्वांत सांठविलेलें असतें. मुंबईच्या दमट हवेंत हा लेप ओलावा शोषतो, फितीला बुरशी धरते. दुसरी अडचण यंत्राची. व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनें जुलै २०१६ मध्यें तें काम थांबविलें. कॅसेट टिकली आणि ती चालविणारें यंत्रच उरलें नाहीं, तर तिचा उपयोग काय? १९३१ सालीं गिरगांवच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागलेला ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मग आपल्या घरच्या बारशाची फिकीर आपल्यावांचून कोण करणार?

तेव्हां क्रमानें पाहूं. प्रथम कॅसेट उजेडांत धरून तिच्या खिडकींतून आंत निरखावें. गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी, आणि ती कॅसेट यंत्रांत मुळींच घालूं नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते व मागून घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही बाधते. अशी कॅसेट जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावी. कॅसेट स्वच्छ असेल तर ती एकदां शेवटपर्यंत पुढें नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे घट्ट बसलेली फीत मोकळी होते. जुनें यंत्र कोणाकडून मिळविलें असेल, तर त्याची परीक्षा एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करावी; लग्नाच्या कॅसेटवर नव्हे.

नंतर जोडणी. यंत्राच्या मागें पिवळें भोक चित्राचें, आणि पांढरें व तांबडें आवाजाचें असतें. तेथून निघालेल्या तारा एका लहानशा कॅप्चर उपकरणांत जातात, आणि तें यूएसबीनें संगणकास जोडतात. फितीवरील चित्र म्हणजे विजेची सतत चढणारी-उतरणारी लहर; संगणकाला मात्र आंकडेच कळतात. लहरीचे आंकडे करणें, एवढेंच या उपकरणाचें काम.

त्यानंतर मापें. आपल्याकडील कॅसेटी पाल पद्धतीच्या. तींत सेकंदाला २५ चित्रें आणि ६२५ रेषा असतात. त्यांपैकीं ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असतें. म्हणून प्रोग्राममध्यें पाल, ७२० बाय ५७६ आणि २५ हे आंकडे निवडावे. अमेरिकेंतील आप्तांनीं पाठविलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते. तिच्या रेषा ५२५, चित्रें सेकंदाला सुमारें ३०. ती चालविणारें यंत्रही तसें हवें. पडद्यावर रंग दिसेनासे झाले किंवा चित्र घसरूं लागलें, तर आधीं ही निवड तपासावी. व्हर्चुअलडब नांवाचा प्रोग्राम या कामासाठीं विनामूल्य मिळतो.

येथें नवशिक्याला एक मोह होतो. उतरवतांनाच चित्र उजळ करावें, फाईल लहान करावी, असें त्याला वाटतें. तो मोह आवरावा. या पद्धतींत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतें. आधीं एकाआड एक रेषा, मग राहिलेल्या. त्यामुळें संगणकावर हलत्या हाताची कड कंगव्याच्या दातांसारखी दिसते. तो बिघाड नव्हे. मूळ चित्रच तसें आहे. आधीं जसेंच्या तसें उतरवावें, आणि सुधारणा मागाहून प्रतीवर करावी. प्रत बिघडली तर दुसरी काढतां येते. उतरवतांना गाळलेलें मात्र फाईलमध्यें कधींच परत येत नाहीं. अशा अविकृत फाईलला तासाला तीस-चाळीस जीबी जागा लागते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर सुमारें पंचवीस तास मावतात. एवढी जागा नसेल तर डीव्ही पद्धत घ्यावी. तिला तासाला सुमारें १३ जीबी पुरतात.

पूर्ण कॅसेट लावण्यापूर्वीं दोन मिनिटें उतरवून पाहावीं. ओंठ आणि आवाज जुळतात का, मधलीं चित्रें गळतात का, हें तपासावें. काम चालू असतांना संगणकावर दुसरें कांहीं करूं नये आणि तो झोपीं जाणार नाहीं अशी व्यवस्था ठेवावी.

मोठी फाईल डिस्कवर जपावी, तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि आप्तेष्टांना पाठविण्यासाठीं एच.२६४ मध्यें लहान प्रत करावी. मूळ कॅसेट फेंकून देऊं नये.

शेवटीं एक सूचना. तीन तासांची कॅसेट उतरावयास तीन तासच लागतात. घाई करण्याचा उपाय नाहीं. तो वेळ वायां जाऊं देऊं नये. घरांतील आजी, मामा, काकू यांना शेजारीं बसवावें आणि पडद्यावर येणाऱ्या माणसांचीं नांवें, गांव, नातीं एका वहींत लिहून घ्यावीं. चेहरे फीत देईल; नांवें मात्र माणसांच्याच आठवणींत आहेत, आणि त्या आठवणींची प्रत काढणारें उपकरण मिळत नाहीं. येत्या रविवारीं कपाटांतील कॅसेटी खालीं काढा, आणि ज्या कॅसेटींतील माणसें ओळखणारे आतां थोडेच उरले आहेत, तिच्यापासून आरंभ करा.