वणव्याचे पहारेकरी

श्रोतेहो, फाल्गुनाच्या रात्री सह्याद्रीच्या उतारावर दिसणारी वणव्याची तांबडी रेषा आपल्या परिचयाची आहे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, जेथे निलगिरीची पाने तैलयुक्त असतात आणि तिच्या पेटलेल्या सालींचे तुकडे वाऱ्याबरोबर कोस-दोन कोस पुढे जाऊन नवी आग लावतात, तेथे वणवा हे ग्रामजीवनावरील नित्याचे अरिष्ट होय. १९३९ च्या जानेवारीतील अग्निप्रलयात तेथे ७१ माणसे प्राणास मुकली. न्यायाधीश स्ट्रेटन यांच्या आयोगाने त्याची कसून चौकशी केली, आणि १९४५ साली ग्रामीण मुलखाच्या बंदोबस्तासाठी ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ ही संस्था कामास लागली.

उन्हाळ्यात टेकडीवरच्या मनोऱ्यातला हंगामी पहारेकरी धुराची दिशा अंशांत मोजतो. दुसऱ्या मनोऱ्यातून कळविलेली दिशा नकाशावर तिला जेथे छेदते, ते आगीचे ठिकाण. वर्दी मिळताच धावतात ते मात्र बहुतांशी विनावेतन स्वयंसेवक: शेतकरी, शिक्षक, दुकानदार. आग विझली तरी त्यांची जबाबदारी सरत नाही. पोकळ खोडांत आणि मुळांत धुमसणारा विस्तव वाऱ्याने पुन्हा भडकू नये, म्हणून जळलेल्या रानाच्या कडेने ते पुढे कित्येक दिवस गस्त घालतात.

आग लहान असते तेव्हाच ती माणसाच्या आवाक्यात असते. म्हणून, श्रोतेहो, आपल्या रानावर धुराची पहिली रेघ दिसताच वनखात्याच्या चौकीस तत्काळ वर्दी द्यावी, एवढीच विनंती.