पडक्या वाड्यांच्या गावाला
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



या जागेवर उभे राहून आजवर डॉक्टरीणबाई बोलल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका बोलल्या. माझे शिक्षण सातवीचे. तेव्हा मी इतिहास शिकवायला उभी नाही. गेल्या दोन वर्षांत आपण वीस-बावीस जणी मिळून आपल्या शहराच्या आसपासची जुनी, पडकी ठिकाणे पाहून आलो, त्याची हकीकत मला सांगायला सांगितली आहे. ज्या आल्या नव्हत्या त्यांनी ऐकावे, आणि ज्या आल्या होत्या त्यांनी कुठे चुकले तर तिथल्या तिथे टोकावे.

सहल ठरली तेव्हा कितीजणींनी विचारले, "तिथे देव कोणता?" देव नसेल तर बायकांनी घर सोडून जायचे कशाला, असा त्याचा अर्थ. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "पडकी भिंत बघायला बसचे पैसे कशाला घालतेस? आपल्या मागच्या अंगणातली बघ." आमच्याकडच्यांनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. एक दिवस हाताने वाढून घेईन म्हणाले, आणि घेतलेही.

पहिल्यांदा गेलो देवगिरीला. शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. आमच्यात पंचवीस-पंचवीस वर्षे इथे नांदलेल्या बायका होत्या. वेरूळला, भद्रा मारुतीला जाताना खिडकीतून तो डोंगर शंभर वेळा पाहिलेला, पण आत पाऊल टाकले नव्हते. यादवांची ही राजधानी. भिल्लम राजाने बाराव्या शतकात ती वसवली, आणि रामदेवरायाच्या वेळी तिचे वैभव शिगेला पोचले. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला पुरी झाली ती याच रामदेवरायाच्या राज्यात. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि नाव ठेवले दौलताबाद. चांदमिनार बहमनी राजांच्या वेळचा, दोनशे फुटांहून उंच.

डोंगराचे कडे चहूबाजूंनी भिंतीसारखे उभे तासलेले आहेत आणि खाली खडकात खोदलेला खंदक. वर जायची वाट अंधेरीतून. या भुयारात दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे धरलेला हात दिसत नाही. वाटेला फाटे अशा युक्तीने काढलेले की आत शिरलेल्या शत्रूने अंधारात आपल्याच माणसावर वार करावा. एके ठिकाणी उजेड दिसतो, त्याच्या ओढीने धावावे तर खाली खंदक. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण घालून धूर कोंडायची सोय. वाटाड्याने टेंभा विझवला तेव्हा आम्ही एकमेकींचे पदर धरले. आमच्यातल्या सर्वांत वडील बाई अंधारातूनच म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या वाड्यातल्या बळदासारखं आहे!" वटवाघळे फडफडत होती तरी सगळ्या हसत सुटल्या.

आता एवढा अवघड किल्ला पडला कसा? १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. सैन्य बाहेरगावी गेलेले. रामदेवरायाने घाईघाईने किल्ल्यात धान्याची पोती चढवली आणि दरवाजे लावून घेतले. वेढा पडल्यावर पोती उघडली, तर आत धान्य नव्हते, मीठ होते! जुन्या बखरकारांनी लिहून ठेवलेली ही हकीकत आहे. खडक तासणारे होते, खंदक खोदणारे होते, अंधेरी रचणारे होते; आणि पोत्यात हात घालून बघणारे कोणी नव्हते. कोठीवर आपल्यातली एखादी असती, तर पोते पाठीवरून उतरायच्या आत तिने दाभण घालून पाहिले असते. तुम्ही हसता, पण मी हे थट्टेने म्हणत नाही. वर्षाचे धान्य भरताना आपण सोसायटीच्या शिक्क्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

याच गडावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ महाराज त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिले. हिशेबात एक पै चुकली ती शोधायला नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. ज्या डोंगरावर ती घडली म्हणतात तिथे बसून मी ती पुन्हा सर्वांना सांगितली. आपल्या खजिनदारबाईंना फार आवडली.

पण देवगिरीवर माझ्या मनाला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. आमच्याबरोबर एक निवृत्त गुरुजी आले होते. त्यांनी सांगितले की १६२९ सालच्या पावसाळ्यात, याच किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांचा खून झाला. एकट्यांचा नाही, अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातू, चौघेही. म्हणजे जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले. आणि १६३० च्या फेब्रुवारीत, एकोणीस तारखेला, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. जुलै ते फेब्रुवारी. हा हिशेब बाईला बोटांवर करता येतो, पाटी लागत नाही. दिवस गेलेल्या लेकीला माहेरची वाईट बातमी आपण चार-चार दिवस कळू देत नाही, कोणीतरी नुसते "आजारी आहेत" म्हणून सांगतो. त्यांना ती कशी कळली असेल, कोणी सांगितली असेल? शाळेच्या पुस्तकात मी जिजाऊंचा धडा वाचला होता. पण त्या पायरीवर उभे राहीपर्यंत हा हिशेब माझ्या ध्यानात आला नव्हता.

म्हणून दुसरी सहल सिंदखेडराजाची. जालन्याच्या पुढे, बुलढाणा जिल्ह्यात. बारा जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी तिथे माणसांचा समुद्र लोटतो. आम्ही मुद्दाम आडदिवशी गेलो. लखुजीरावांच्या वाड्याचा दरवाजा अजून भक्कम उभा आहे. जन्मस्थानापाशी सगळ्या जणी न सांगता गप्प झाल्या. तिथून लखुजीरावांची समाधी पाहिली, केवढी थोरली इमारत! देवगिरीवर ज्यांचा शेवट ऐकला, त्यांच्या समाधीपुढे फूल वाहून आलो. गावात पुतळाबारव नावाची विहीर आहे, तिच्या भिंतींत कोरलेले पुतळे बसवलेले आहेत. ज्या बायका घरी विहिरीवर जाऊन दमल्या, त्या म्हणाल्या, पाणी शेंदताना बघायला एवढे कोणी दिले असते तर आणखी दोन घागरी आणल्या असत्या.

वेरूळबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण लेणी तुम्ही सर्वांनी पाहिली आहेत. पण गावातली भोसल्यांची गढी कितीजणींनी पाहिली? मालोजीराजे वेरूळचे पाटील. त्या गढीचे पाये आणि भिंती पुरातत्त्व खात्याने मातीतून उकरून मोकळ्या केल्या आहेत. शेजारी घृष्णेश्वर, आणि अहिल्याबाईंच्या काळात दुरुस्त झालेले तांबड्या दगडाचे तीर्थकुंड. लेण्यांना रांग असते, गढीपाशी आम्हीच होतो.

आता पितळखोऱ्याचे. कन्नडच्या पुढे, गौताळ्याच्या जंगलात, आपल्या शहरापासून ऐंशीएक किलोमीटर. दरीत पायऱ्या उतरून जावे लागते आणि तेवढ्याच परत चढाव्या लागतात, हे गुडघेवाल्या भगिनींनी आधीच लक्षात घ्यावे. तिथली बौद्ध लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. डोंगराचा दगड ठिसूळ, त्यामुळे दर्शनी भाग बराच कोसळला आहे. तरी एका लेण्याच्या जोत्याला ओळीने हत्ती आहेत, जणू सगळा डोंगर त्यांनी पाठीवर घेतला आहे. पायऱ्यांशी पाच फण्यांचा नाग कोरला आहे. मागून पाटाचे पाणी त्याच्या फण्यांतल्या भोकांतून बाहेर यावे अशी करामत. इथे सापडलेली एका हसऱ्या, बुटक्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव आहे, कान्हदास, आणि तो होता सोनार. सोनाराने दगड घडवला, म्हणूनच ते दागिने असे रेखीव, असे आमच्यातली एक म्हणाली. तिचे माहेर सोनाराचे.

खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. गुरुजींनी ती सांगितली. पैठणचा मितदेव नावाचा गंधी, म्हणजे अत्तरे-सुगंधी वस्तू विकणारा. मगिल नावाचा राजवैद्य. आणि त्या वैद्याची मुलगी दत्ता. तिचे दान वेगळे लिहिले आहे, तिच्या स्वतःच्या नावाने. मी गुरुजींना दोनदा विचारले, "मुलीचे नाव? नक्की?" नक्की, म्हणाले. भगिनींनो, आपल्या घरांच्या दारावरच्या पाट्या आठवून पाहा. माझ्या गल्लीत बावीस घरे आहेत, बाईचे नाव असलेल्या पाट्या तीन. आणि दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या मुलखातल्या एका मुलीचे नाव डोंगरात कोरले गेले. ती अक्षरे मला वाचता येत नाहीत, पण कुठे आहेत ते मी नीट पाहून ठेवले.

तिथेच आमच्यात जरा वादही झाला, तो लपवत नाही. एका बाईंनी हत्तींना गणपती समजून हळदीकुंकवाचा करंडा काढला, तेलाची बाटलीही आणली होती. पहारेकऱ्याने हात जोडून नको म्हटले. परत येताना बसमध्ये तोच विषय. त्या म्हणाल्या, "माझी आजी दगडाला कुंकू लावत आली, तिच्या भक्तीने कधी दगड झिजला नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "आजी एक होती, आता दर रविवारी हजार माणसे येतात." मला दोघींचे पटले, पण दुसरीचे जास्त. ठिसूळ दगडात तेल मुरते, धूळ बसते, मग कोणीतरी घासायला जातो आणि कोरीवकामच निघून येते. आणि कायदाही आहे. अशा जागेची नासधूस केली, कोळशाने, खिळ्याने नावे कोरली, तर २०१० पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या पोरांना सांगून ठेवा. अंधेरीच्या तोंडाशी जी बाणाने छेदलेली बदामे खरडली आहेत ती काही परदेशी पाहुण्यांनी खरडलेली नाहीत.

शेवटी माझ्या माहेरचे थोडे सांगते. माझे माहेर भोकरदन तालुक्यातले. आपल्याकडे गावची जमीन दोन तऱ्हेची मानतात, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडतात, त्यावर नवी उभी राहतात, आणि पांढरीचे टेकाड होते. पहिला पाऊस पडला की आम्ही पोरी टेकाडावर धावायचो. मणी सापडायचे, लाल, हिरवे, काचेचे. बांगड्यांचे तुकडे सापडायचे. ते दोऱ्यात ओवून आम्ही बाहुलीला घालायचो. आजी म्हणायची, "ते मागल्या लेकींचे आहे, सांभाळून खेळा."

खुद्द भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद पार मध्यप्रदेशात, सांचीच्या स्तूपावर आहे. १९७० नंतरच्या वर्षांत दोन विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केले, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, दोन बाजूंना दासी असलेली. तशाच धाटणीची मूर्ती इटलीत पाँपेई शहरात सापडली होती, आणि ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे आपल्या मुलखातला साजशृंगार तेव्हा समुद्रापार जात होता. अशी मूर्ती आरशाची मूठ असावी असा जाणकारांचा एक तर्क आहे. मला तो मनापासून पटला.

तर आमच्या गावचे ते टेकाड. त्याची माती खतासारखी, शेताला मानवते. पूर्वी बैलगाडीने चार फेऱ्या नेत, धाब्यावरही घालीत. आता यंत्राने एका दिवसात पन्नास ट्रॉल्या जातात. गेल्या दिवाळीला भाऊबीजेला गेले तर अर्धे टेकाड नाहीसे. आमच्या घरामागचा पट्टा दादाच्या वाटणीचा, आणि त्यालाही मातीचे पैसे देणारा भेटला होता. मी बोलले. दादा म्हणाला, "ताई, कपाशीने यंदा दगा दिला. खापरांनी माझं कर्ज फिटणार आहे का?" यावर मला काय उत्तर देता येणार होते? तो खोटे बोलत नव्हता. मी त्याला एवढेच सांगितले की जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरसाहेबांना कळवायचे असा १८७८ सालापासून कायदा आहे, आणि विकलेली माती परत येत नाही. वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. रात्री तिने मला कोनाड्यातली एक डबी दाखवली. आत मणी. तिच्या मुलींनी वेचलेले.

दादाने अजून होय म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. पट्टा आजच्या तारखेला उभा आहे. वहिनीचा फोन येतो तेव्हा मी आधी पोरांची खुशाली विचारते आणि मग टेकाडाची.

पुढची सहल म्हणून तिकडचीच ठरवली आहे. आधी अन्व्याचे जुने देऊळ, त्याचे कोरीव खांब पाहायला अर्धा दिवस हवा. मग भोकरदन, आणि दुपारचे जेवण आमच्या माहेरी. बावीस बायका आपली पांढरी पाहायला शहरातून येणार हे ऐकून दादा म्हणाला, "बघायला आहे काय तिथं?" पण मांडव घालतो म्हणाला. ज्यांना यायचे असेल त्यांनी खजिनदारबाईंकडे नावे द्यावीत, लहान मुली आणल्या तर त्यांचे अर्धे पैसे. पायात चपला नकोत, बूट असावेत. दशम्या आपापल्या आणाव्यात, ठेचा मी सगळ्यांपुरता करते.