गोव्याची सुट्टी : वाहन आधी, सामान मागून

सुट्टी जवळ आली की बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी घरांतून गोव्याचा विषय निघू लागतो. कोणाचे कुलदैवत तेथे असते, कोणाचे आप्त तेथे असतात, तर कोणाला केवळ समुद्र पाहावयाचा असतो. मग चर्चा चालते ती उतरावयाचे कोठे आणि पाहावयाचे काय, याची. परंतु ज्या प्रश्नावर त्या चार-पाच दिवसांचे सुखदुःख बरेचसे अवलंबून असते, तो क्वचितच विचारला जातो. आगगाडीतून अथवा विमानातून उतरल्यापासून मुक्कामी पाठ टेकेपर्यंत वाहन कोणते घ्यावयाचे, आणि तोवर सामान कोणाच्या हातात असावयाचे?

वरवर हे दोन प्रश्न दिसतात. वस्तुतः प्रश्न एकच आहे. सामान्यतः माणूस आधी सामान बांधतो आणि मग ते वाहून नेईल असे वाहन शोधू लागतो. म्हणजे वाहनाची निवड प्रवासी करीत नाही, ती त्याचे सामानच करीत असते. हा क्रम उलटा करावा, आधी वाहन ठरवावे आणि त्या वाहनात सुखाने मावेल तेवढेच सामान घ्यावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गोव्यात या दृष्टीने एक चांगली सोय आहे. राज्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या ‘शटल’ गाड्या पणजी-मडगाव, पणजी-वास्को आणि पणजी-म्हापसा या मार्गांवर धावतात. शटल या शब्दाचा मूळ अर्थ विणकराचा धोटा. मागावर धोटा जसा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे आणि पुन्हा माघारी धावत असतो, तशी ही गाडी दोन शहरांच्या मध्ये कोठेही न थांबता येरझारा घालते. तिचे तिकीट गाडीत बसण्यापूर्वी बसस्थानकावरील खिडकीवर घ्यावयाचे असते. मग रांगेने चढावयाचे आणि बसावयाचे. एक गाडी भरून गेली तरी फारशी चिंता नसते, दिवसा थोड्याच वेळात दुसरी लागते. ज्या कदंब राजघराण्याने एकेकाळी या भूमीवर राज्य केले, त्याचे नाव १९८० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने घेतले आहे. पणजी ते मडगाव हे अंतर सुमारे पस्तीस किलोमीटरांचे. वाटेत कुठ्ठाळीपाशी जुवारी नदीवरील नवा पूल लागतो. त्याचा पहिला भाग २०२२ च्या व दुसरा २०२३ च्या डिसेंबरात वाहतुकीस खुला झाला. पुलावरून दिसणारे नदीचे रुंद पात्र शटलच्या प्रवाशालाही तेवढेच दिसते, जेवढे भाड्याच्या मोटारीतील प्रवाशाला.

परंतु या गाडीची एक अट आहे, आणि ती कोठे लिहिलेली नसली तरी अटळ आहे. तिच्यात सामानाला जागा बेताचीच असते. हातात किंवा खांद्यावर एक पिशवी असलेल्या माणसासाठी ती आहे. तीन मोठ्या सूटकेसी आणि फराळाची करंडी घेऊन निघालेल्या माणसासाठी नाही.

पूर्वीचे लोक तर याहून कितीतरी अधिक सामान नेत असत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. वळकटी, लोखंडी ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दोन दिवस पुरेल असा डबा, एवढ्याशिवाय मराठी माणूस घराबाहेर पडत नसे. पण त्या सामानाला कारण होते. बिछाना कोठे मिळेल याची शाश्वती नसे, पिण्याच्या पाण्याची नसे, पथ्याच्या अन्नाची तर नसेच. मिरज-लोंढा-वास्को हा लोहमार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होता. उत्तरेकडून येणाऱ्याला वाटेत गाडी बदलावी लागे आणि त्यासाठी हमाल करावा लागे. आज ग्वाल्हेरला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलेला प्रवासी भोपाळ, पुणे, बेळगाव करीत गाडी न बदलता मडगावला व वास्कोला उतरतो. कोकण रेल्वे १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावू लागली. बिछाना, पाणी, जेवण सर्वत्र मिळते. कारणे गेली, सवय मात्र उरली. वळकटीची जागा चाकांच्या भल्यामोठ्या बॅगेने घेतली आणि चाके आहेत म्हणून ती अधिकच भरली जाऊ लागली. चाके फलाटावर चालतात. पुळणीतल्या वाळूत, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर आणि बसच्या दारात ती चालत नाहीत.

मडगाव स्थानकावर एकाच गाडीतून उतरणाऱ्या दोन कुटुंबांची कल्पना करावी. दोन्ही कुटुंबांत आईवडील, एक शाळकरी मुलगा आणि आजी अशी चार माणसे आहेत. दोघांनाही पणजीला जावयाचे आहे. पहिल्या कुटुंबाजवळ तीन मोठ्या बॅगा, दोन पिशव्या आणि एक करंडी आहे. त्यांना स्थानकाच्या दारातच मोटार करावी लागते, आणि समोरचा सांगेल त्या भाड्याला मान डोलवावी लागते; कारण ज्याला जागचे हलता येत नाही त्याला घासाघीसही करता येत नाही. मोटारीत सामान चढले की माणसे अंग चोरून बसतात. दुसऱ्या कुटुंबात माणशी एकच पिशवी आहे, आणि आजींची पिशवी नातवाच्या दुसऱ्या खांद्यावर आहे. रेल्वे स्थानक आणि कदंबचे बसस्थानक ही मडगाव शहराच्या दोन टोकांना आहेत, हे त्यांनी निघण्यापूर्वी विचारून ठेवले आहे. ते रिक्षा करून बसस्थानकावर जातात, तिकिटे काढतात आणि शटलने पणजीस पोहोचतात. तेथून फोंताइन्हासच्या जुन्या वस्तीतील मुक्काम गाठण्यास चालण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

दोघांच्या खर्चात जो फरक पडला तो केवळ एका फेरीचा नाही. पुढे प्रत्येक दिवशी तोच फरक पडत राहतो. पणजीहून फोंड्याकडे जाणाऱ्या बसने जुन्या गोव्यातील चर्चे पाहून पुढे मंगेशीला उतरता येते. मांडवीच्या पैलतीरी बेतीला फेरीबोटीने जाता येते. एकट्या माणसाला थोडे अंतर जावयाचे असेल तर पायलट असतो. पिवळ्याकाळ्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला गोव्यात पायलट म्हणतात. त्याच्या मागे बसावयाचे तर पाठीवर एकच पिशवी चालते. हलके सामान असलेल्याला ही सारी दारे उघडी असतात, जड सामान असलेल्याला एकच.

वाहन ठरविताना आधी नकाशा पाहावा. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणून सारे काही जवळच असेल, असा समज होतो. तो फसवा आहे. दाबोळीचा विमानतळ वास्कोजवळ आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि तो राज्याच्या उत्तर टोकाला आहे. कोलव्याला राहणाऱ्याने स्वस्त तिकीट पाहून मोप्याला उतरावे, किंवा हरमलला राहणाऱ्याने दाबोळीला उतरावे, तर विमानात वाचलेला पैसा रस्त्यावर जातो. विमानतळांवरून प्रमुख शहरांकडे कदंबच्या गाड्या जातात. त्यांच्या वेळा पाहून मगच विमानाची वेळ निवडावी. रेल्वेचेही तसेच आहे. म्हापसा व कळंगुटकडे जाणाऱ्यास थिवी, पणजी व जुन्या गोव्यास करमळी, कोलवा-बाणावलीस मडगाव आणि पाळोळेस काणकोण ही स्थानके सोयीची. मात्र सर्वच गाड्या लहान स्थानकांवर थांबत नाहीत, हे तिकीट काढतानाच पाहावे.

आता पिशवीविषयी. रेल्वेच्या शयनयान वर्गात माणशी चाळीस किलो सामान विनामूल्य नेता येते, आणि देशांतर्गत विमानात बहुधा पंधरा किलो सामानाबरोबर व सात किलो हातात. या मर्यादा वाहनाच्या आहेत, खांद्याच्या नव्हेत. चार दिवसांसाठी सात किलो पुरेसे आहे. त्यापेक्षा अधिक जे आहे ते बहुधा ‘असू दे, लागेल’ या तीन शब्दांचे वजन असते.

गोव्याची हवा उष्ण आणि दमट. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या महिन्यांत. अशा हवेत जाड कापड हे ओझेच. जीनची विजार घामाने भिजली की दोन दिवस वाळत नाही. पातळ सुती सदरा रात्री धुऊन पंख्याखाली टाकला की सकाळी अंगात घालता येतो. म्हणून अंगावरचा एक धरून कपड्यांचे तीन जोड पुरतात. टर्किश टॉवेलऐवजी पंचा घ्यावा. वजन थोडे, आणि लगेच वाळतो. पायांत वापरलेल्या, भिजल्या तरी चालतील अशा चपला असाव्यात. नव्या चपलांनी प्रवासात पाय सोलतात. कपडे वाळत घालण्यास हातभर दोरी, उन्हासाठी टोपी, पावसाळ्यात छत्री, आणि ओले कपडे वेगळे ठेवण्यास एक मेणकापडी पिशवी, एवढे झाले की भागले.

या तीन जोडांपैकी एक असा असावा की ज्याने खांदे आणि गुडघे झाकले जातील. जुन्या गोव्यातील बॉं जीझस बासिलिकेत जावयाचे असो, वा मंगेशीच्या आणि कवळ्याच्या देवळात, मर्यादशील पोशाखाची अपेक्षा दोन्हीकडे सारखीच असते. त्यासाठी वेगवेगळे पेहराव नेण्याचे काही कारण नाही.

औषधे, ओळखपत्र, चष्मा आणि थोडे सुटे पैसे हातापासून दूर जाऊ देऊ नयेत. नेहमीची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीची घ्यावीत. मीठसाखरेच्या क्षारांची चार पाकिटे आणि डासांचे मलम घ्यावे. साबण, तेल, दंतमंजन गोव्यातही मिळते. घरून बाटल्या भरून नेण्याची गरज नाही.

शटल सर्वांसाठी आणि सर्व वेळी योग्य, असे मात्र मुळीच नाही. संध्याकाळ उलटली की बसगाड्या तुरळक होत जातात. किनाऱ्याकडील गावांत रात्री परतण्यास काही मिळेल या भरवशावर राहू नये. मध्यरात्री उतरणाऱ्याने, तान्हे मूल असलेल्याने, किंवा ज्यांना बसची पायरी चढवत नाही अशा वृद्धांबरोबर जाणाऱ्याने विमानतळावरील वा स्थानकावरील ठरावीक दराच्या खिडकीवरून मोटार घ्यावी. त्यात उधळपट्टी नाही. इतर दिवशी शटलने वाचविलेला पैसा अशाच वेळी उपयोगी पडतो.

आणि खरा मुद्दा येथेच आहे. पुष्कळ घरांत सुट्टीचा हिशेब करताना मोटारीतील जागा मोजल्या जातात. बॅगा, करंडी, मुलांचे खेळ, समुद्रावर घालावयाचे निराळे कपडे, हे सारे धरून बेत पक्का होतो, आणि मग कोणीतरी म्हणते की, आईंना एवढी दगदग झेपणार नाही, त्या घरीच राहोत. आई ‘मला काय करायचा समुद्र’ असे म्हणून हसतात आणि डब्यात चकल्या भरून देतात. मागे राहावयाचे ते बॅगेने. पण मागे राहते ते घरातले म्हातारे माणूस. एक मोठी बॅग कमी केली असती तर त्यांना बसावयास जागा झाली असती, आणि वाचलेल्या पैशात त्यांच्यापुरती मोटारही करता आली असती.

पिशव्या भरताना घरात आणखी एक नियम पाळावा. ज्याची पिशवी त्याने भरावी आणि त्यानेच उचलावी. दहा वर्षांच्या मुलानेही स्वतःची पिशवी स्वतः भरली, तर काय नेऊ नये हे त्याला पहिल्या जिन्यावरच कळते. आजवर हे कोणाला कळत नव्हते, कारण सर्वांच्या पिशव्या घरातील एकच बाई भरीत आली आणि पुष्कळदा तीच त्या उचलीत आली. सुट्टी तिलाही असते.

निघण्याच्या आदल्या रात्री भरलेली पिशवी खांद्याला लावावी, जिना एकदा उतरून पुन्हा चढावा. दम लागला तर पिशवी उघडून दोन वस्तू काढाव्यात. मग घरात कोण कोण यावयाचे राहिले आहे, याची एकदा शांतपणे मोजदाद करावी. तिकिटे काढावयाची ती या मोजदादीनंतर.